जुने विमान, नवा वाटाड्या

गल्फस्ट्रीम-४ हे खासगी प्रवासी जेट विमान १९८५ साली पहिल्यांदा उडाले. त्याच्या कुळातील पाचशेहून अधिक विमाने पुढे तयार झाली. फाल्कन ९००, हॉकर ८०० ही विमानेही त्याच सुमाराची. अशी विमाने दहा-बारा माणसे घेऊन हव्या त्या दिवशी, हव्या त्या छोट्या विमानतळावर उतरतात. प्रवासी कंपनीच्या विमानांच्या मानाने ती वर्षाकाठी फारच कमी तास उडतात. त्यामुळे पंख, सांगाडा, इंजिने नीट राखली तर तीस-चाळीस वर्षे सहज टिकतात. पण या विमानांत एक गोष्ट मात्र फार लवकर म्हातारी होते. ती म्हणजे वैमानिकांच्या दोन आसनांमध्ये बसवलेला, छोटा पडदा आणि बटणे असलेला संगणक. त्याला उड्डाण व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. वैमानिकांच्या बोलण्यात ती ‘एफएमएस’ असते, म्हणून आपणही तसेच म्हणू.

हा संगणक बिघडत नाही. बिचारा पहिल्या दिवशी करत होता तेच काम तितक्याच इमानाने करत असतो. म्हातारा होतो तो बाहेरचे जग बदलल्यामुळे. म्हणून त्याची सुधारणा करावी लागते, आणि ही सुधारणा म्हणजे एक डबा काढून दुसरा बसवणे इतके सोपे काम नव्हे. का, ते समजण्यासाठी आधी तो करतो काय ते पाहिले पाहिजे.

एफएमएस तीन प्रश्नांची उत्तरे देतो. आपण कोठे आहोत? पुढे कोणत्या वाटेने जायचे? आणि तेथवर पोहोचायला इंधन पुरेल काय? तिसऱ्या प्रश्नात बेरीज-वजाबाकी जास्त आहे, तो बाजूला ठेवू. खरे विज्ञान पहिल्या दोन प्रश्नांत आहे.

आपण कोठे आहोत हे कळण्याचा जुना आणि अजूनही मोलाचा मार्ग म्हणजे जडत्वीय प्रणाली. तिच्यात त्वरण मोजणारी तीन उपकरणे आणि वळणे मोजणारे तीन लेसर-गायरोस्कोप असतात. त्वरणाचे काळाशी एकदा संकलन केले की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केले की अंतर. बाहेर न पाहता, कोणालाही न विचारता विमानाला आपली जागा कळते. उड्डाणापूर्वी विमान जागेवर स्थिर उभे असताना ही प्रणाली एक सुंदर गोष्ट करते. गुरुत्वाकर्षणावरून ती खालची दिशा ओळखते आणि पृथ्वीच्या तासाला १५ अंश फिरण्यावरून खरी उत्तर दिशा शोधते. पृथ्वीच्या या फिरण्याचा क्षितिजाला समांतर भाग आणि उभा भाग यांचे गुणोत्तर अक्षांशावर अवलंबून असते, म्हणून अक्षांशही तिला स्वतःच काढता येतो. रेखांश मात्र वैमानिकाने सांगावा लागतो. असे का, हा प्रश्न अकरावीच्या वर्गात अवश्य विचारून पाहावा. (ध्रुवावर ही युक्ती का चालणार नाही, हा त्याचा पुढचा भाग.)

या प्रणालीचा दोष हा की तिची चूक साचत जाते. चांगल्या यंत्रातही तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर. अटलांटिक ओलांडताना सात तासांत सात मैल. समुद्रावर शेजारच्या दोन मार्गांत पूर्वी ६० सागरी मैलांचे अंतर असे, तेथे हे चालून जाई. डोंगरांमधल्या दरीत उतरताना कसे चालेल?

म्हणून जमिनीवरील रेडिओ-केंद्रांची मदत घेतात. विमान एक स्पंद पाठवते, केंद्र तो मिळाल्यावर बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देते. प्रकाशवेगाने एक सागरी मैल जाऊन परत यायला १२.३५ मायक्रोसेकंद लागतात. समजा, उत्तर ६६७.५ मायक्रोसेकंदांनी आले. त्यांतून ५० वजा करून १२.३५ ने भागले की अंतर निघाले ५० सागरी मैल. हे अंतर तिरके असते, म्हणून एफएमएस विमानाची उंची घेऊन पायथागोरसच्या सिद्धांताने जमिनीवरचे अंतर काढतो. अशी दोन केंद्रे घेतली की दोन वर्तुळे आणि त्यांचे दोन छेदनबिंदू. त्यांपैकी खरा कोणता हे जडत्वीय प्रणाली सांगते. १९८० च्या दशकातील एफएमएस असा चालत असे.

आता दुसरा प्रश्न, वाटेचा. आकाशात रस्ते आखलेले नसतात. विमानतळ, रेडिओ-केंद्रे, नाव दिलेले बिंदू, उतरण्याच्या आणि चढण्याच्या ठरलेल्या वाटा ही सारी माहिती एफएमएसच्या स्मृतीत साठवलेली असते. ती जगभर दर २८ दिवसांनी, गुरुवारी, एकाच वेळी बदलते. म्हणजे वर्षातून तेरा वेळा कोणीतरी विमानात जाऊन नवा माहितीसाठा भरायचा. कित्येक विमानांत हे काम साडेतीन इंची फ्लॉपी डिस्कने होत असे, आणि फ्लॉपी दुकानातून नाहीशा झाल्या तरी विमानतळावर त्या बरीच वर्षे टिकून होत्या.

या साठ्याची एक भाषा आहे. वाटेचा प्रत्येक तुकडा दोन अक्षरी संकेताने लिहितात. ‘अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत सरळ’, ‘अमुक दिशेने अमुक उंची येईपर्यंत’, ‘अमुक केंद्र आणि त्रिज्या घेऊन वर्तुळाच्या कंसावरून’ असे एकूण २३ प्रकार. वाट म्हणजे अशा तुकड्यांचे वाक्य. जुन्या एफएमएसची पहिली अडचण येथेच आहे: त्याला ही सगळी अक्षरे येत नाहीत. कंसाचा प्रकार तर त्यांतल्या कित्येकांना मुळीच कळत नाही. दुसरी अडचण जागेची. सुरुवातीच्या यंत्रांत माहितीसाठ्याला काही शे किलोबाइट एवढीच जागा होती. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. उपग्रहांमुळे उतरण्याच्या वाटा हजारोंनी वाढल्या आणि साठा मावेनासा झाला. मग मालकाला ठरवावे लागते: या महिन्यात अमेरिका भरायची की युरोप?

माहितीसाठ्यातले एक अक्षर किती महत्त्वाचे असते? २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे येत होते. हे मोठे प्रवासी विमान, पण त्यातील एफएमएस याच जातकुळीचा. ऐनवेळी वैमानिकांनी जवळची, थेट उतरण्याची वाट स्वीकारली. त्या वाटेवर रोझो नावाचे रेडिओ-केंद्र होते आणि छापील नकाशात त्याचा संकेत होता ‘आर’. वैमानिकाने ‘आर’ दाबले. पण त्याच देशात बोगोटा शहराजवळ रोमिओ नावाचे दुसरे केंद्र होते, त्याचाही संकेत ‘आर’. दोघांना एकच अक्षर देता येत नाही, म्हणून साठा तयार करणाऱ्यांनी ‘आर’ रोमिओला दिले होते; रोझो हवे असेल तर पूर्ण नाव टाइप करावे लागे. नकाशात एक आणि संगणकात दुसरे! यादीत सर्वांत वर रोमिओ आले, वैमानिकाने ते स्वीकारले, आणि विमान अंधारात निमूटपणे डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे वळले. चूक ध्यानात येईपर्यंत दरीच्या बाहेर गेले होते. विमानातल्या १६३ जणांपैकी चारजण वाचले.

अपघाताला इतरही कारणे होती, पण एफएमएसच्या पुढच्या पिढ्यांवर कालीची छाया आहे. एकाच संकेताची दोन स्थाने असतील तर त्यांची अंतरे दाखवणे, नवी वाट पडद्यावर तुटक रेषेने आधी दाखवून मगच पक्की करणे, आणि मुख्य म्हणजे पुढच्या डोंगराची आगाऊ सूचना देणारी, भूप्रदेशाचा नकाशा पोटात घेतलेली इशारा-यंत्रणा. ती १९९६ पासून विमानांत येऊ लागली. काली येथील विमानातली जुनी यंत्रणा फक्त खालच्या जमिनीचे अंतर मोजे. तिने इशारा दिला तो आदळण्यापूर्वी जेमतेम बारा सेकंद.

आता उपग्रहांकडे वळू. जीपीएसमुळे ‘कोठे आहोत’ हा प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते, पण विमानाची गरज मोबाइलहून वेगळी आहे. त्याला उंचीही अचूक हवी. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, अशा भूमितीत उभ्या दिशेची चूक नेहमी आडव्या दिशेहून मोठी येते. त्यात भर आयनांबराची. तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे संदेशाला उशीर होतो; एक मायक्रोसेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी ३० मीटरचा फरक.

यावर अमेरिकेने जी योजना केली ती जुलै २००३ मध्ये सुरू झाली. उत्तर अमेरिकेत ३८ ठिकाणी ग्राहक-केंद्रे बसवली, त्यांची स्थाने काटेकोर मोजली. प्रत्येक केंद्राला आपण कोठे आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे जीपीएस किती चुकते आहे हेही कळते. या चुका एकत्र करून दुरुस्तीचा संदेश भूस्थिर उपग्रहामार्फत विमानांना जातो. एखादा उपग्रह खोटे बोलू लागला तर सुमारे सहा सेकंदांत ‘यावर विसंबू नका’ असा इशाराही त्याच वाटेने येतो. आमच्या मते अचूकतेपेक्षा हा इशारा मोठा आहे. चुकीची जागा सांगणारे यंत्र परवडते, पण चुकलो हे न सांगणारे यंत्र परवडत नाही.

या योजनेमुळे जमिनीवर कोणतीही महागडी यंत्रणा न बसवता विमानाला २०० फूट उंचीपर्यंत, ढगांतूनही, खाली येता येते. अमेरिकेत अशा चार हजारांहून अधिक वाटा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ लहान विमानतळांवरच्या. छोट्या जेटचा मालक एफएमएस सुधारायला का तयार होतो ते आता ध्यानात येईल. शिवाय नियमांचा रेटा आहेच. अमेरिकेच्या बहुतेक गजबजलेल्या आकाशात १ जानेवारी २०२० पासून विमानाने आपले अचूक स्थान स्वतःहून प्रसारित करणे सक्तीचे झाले. उत्तर अटलांटिकवर २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लेखी संदेशांची यंत्रणा आवश्यक ठरली. ज्याच्याकडे ती नाही त्याने खालून, जास्त इंधन जाळत जावे.

आपल्याकडे हेच काम ‘गगन’ करते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांची ही योजना; २०१५ मध्ये तिला उभ्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली आणि २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधाराने उतरले. आपले काम अमेरिकेपेक्षा अवघड होते. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते (थुंबा येथे अग्निबाण-केंद्र उभारण्याचे कारण तेच), आणि तेथून वर उचलला गेलेला इलेक्ट्रॉनांचा साठा उत्तरेला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येऊन पडतो. म्हणजे महाराष्ट्राच्या आकाशात आयनांबराची घनता थोड्या अंतरावर आणि सूर्यास्तानंतर थोड्या वेळात पुष्कळ बदलते. या सर्व योजनांचे संदेश एकाच प्रमाणाचे असल्याने अमेरिकेत सुधारलेले विमान येथे आले तरी त्याचा ग्राहक ‘गगन’चे म्हणणे समजू शकतो.

आता प्रत्यक्ष सुधारणा. पहिले काम छतावर: जुना अँटेना काढून भूस्थिर उपग्रहाचा क्षीण संदेश पकडणारा नवा बसवायचा. जागा बदलली तर नवे भोक पाडावे लागते. विमानाच्या पोटातील हवेचा दाब बाहेरच्या विरळ हवेपेक्षा इतका जास्त असतो की कवचाच्या दर चौरस मीटरवर सहा टनांहून अधिक भार येतो. म्हणून भोकाभोवती जाड पत्रा रिव्हेट करून बळकटी देतात. १९५४ साली भूमध्य समुद्रात कोसळलेल्या कॉमेट विमानाची चीर सुरू झाली ती छतावर रेडिओ-अँटेनासाठी कापलेल्या खिडकीजवळच. त्यामुळे या पत्र्याचे गणित कोणी हसण्यावारी नेत नाही.

दुसरे काम तारांचे. विमानातील उपकरणे एकमेकांशी ३२ बिटांच्या शब्दांनी बोलतात, आणि तेही एका दिशेने: एक बोलतो, बाकीचे ऐकतात. अक्षांश सांगायला या शब्दात २० बिट मिळतात. १८० अंशांचे २ चा २० वा घात इतके, म्हणजे १०,४८,५७६ भाग केले तर एक भाग येतो ०.०००१७ अंश, जमिनीवर सुमारे १९ मीटर. जडत्वीय प्रणालीची चूकच किलोमीटरमध्ये, तेव्हा १९८० साली १९ मीटरची काळजी कोण करणार! उपग्रह आल्यावर मात्र उरलेला बारीक भाग सांगायला आणखी एक शब्द लागला. जुन्या पेटीला तो शब्द ऐकायचा असतो हेच ठाऊक नाही. म्हणून एक पेटी बदलली की तिच्याशी बोलणाऱ्या पेट्या बदलाव्या लागतात, मग पडदे. गल्फस्ट्रीम-४ मध्ये आठ इंची चौरस असे सहा चित्रनळीचे पडदे होते. तशा नळ्या बनवणेच बंद होत गेले, म्हणून त्यांच्या जागी द्रवस्फटिकी पडदे आले.

विद्यार्थी हमखास विचारतात: वैमानिकाच्या मांडीवरच्या टॅबलेटमध्ये साऱ्या जगाचा नकाशा आहे, मग एवढा खटाटोप कशाला? टॅबलेट सल्ला देतो. एफएमएस स्वयंचलित चालकामार्फत विमान वळवतो. त्याच्या आज्ञावलीची प्रत्येक ओळ कोणत्या गरजेतून आली आणि कोणत्या चाचणीने तपासली याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. पाचशे विमानांच्या गिऱ्हाइकीसाठी हा खर्च करायचा म्हटल्यावर किंमत चढणारच.

नव्या प्रणालीने काय साधते त्याचे एक उदाहरण करून पाहू. समजा, दरीतली वाट ५,५५६ मीटर, म्हणजे तीन सागरी मैल त्रिज्येच्या कंसावर आहे आणि जमिनीसापेक्ष वेग २०० नॉट, म्हणजे सेकंदाला १०३ मीटर. विमान किती कलायला हवे? कलाच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण. उत्तर ०.१९५, कोन ११ अंश. आता पाठीमागून ४० नॉट वारा आला. वेग १२३.५ मीटर, स्पर्शज्या ०.२८, कोन साडेपंधरा अंश. जुना एफएमएस ठरावीक पद्धतीने वळे, वाऱ्याने वाट बाहेर ढकलली जाई. नवा क्षणोक्षणी कोन बदलून कंस पकडून ठेवतो.

आम्हाला स्वतःला सर्वांत मौजेची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. जडत्वीय प्रणाली खरी उत्तर दिशा शोधते, पण वैमानिक आणि धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय दिशा वापरतात. दोहोंतला फरक, म्हणजे दिक्पात, यंत्रात तक्त्याच्या रूपाने भरलेला असतो. आणि पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव स्थिर नाही! उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाकडे सरकत आहे. या शतकाच्या सुरुवातीला तो वर्षाला पन्नासएक किलोमीटर धावत होता. पृथ्वीचे चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी नवे काढतात. २०१५ चे तर इतके मागे पडले की २०१९ मध्ये मुदतीआधीच दुरुस्त करावे लागले. अलास्कातील फेअरबँक्स विमानतळाने २००९ मध्ये धावपट्टीचा क्रमांक एकावरून दोन केला, धावपट्टी तसूभरही न हलवता. जुना तक्ता असलेले विमान योग्य वाटेवर असूनही पडद्यावर काही अंश तिरपी दिशा दाखवते. म्हणजे दुरुस्तीच्या यादीत पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाची हालचालही येते.

नव्या आज्ञावली निर्दोष असतात असे मात्र समजू नये. थंड हवा दाट असते, तिच्यात दाबमापी उंची जास्त दाखवतो; उणे २० अंश तापमानाला ३,००० फुटांवर ही चूक सुमारे ४०० फुटांची. म्हणून एफएमएसमध्ये तापमानाची दुरुस्ती करण्याची सोय दिली. २०१७ मध्ये असे आढळले की रॉकवेल कॉलिन्सच्या काही प्रणालींत ही दुरुस्ती केली, किंवा ‘इतक्या उंचीपर्यंत चढा’ हा आकडा हाताने बदलला, की पुढचे वळण डावे की उजवे ही नोंदच पुसली जाई आणि विमान जवळच्या बाजूने वळे. डोंगर नेमका त्याच बाजूला असला तर? सुधारित आज्ञावली येईपर्यंत हजारो वाटा साठ्यातून काढून टाकाव्या लागल्या. ही गोष्ट पकडली ती उड्डाण करणाऱ्या वैमानिकांनी, नकाशा आणि पडदा ताडून पाहण्याच्या सवयीमुळे.

जीपीएसचा आठवड्यांचा मोजपट्टाही असाच. मूळ संदेशात आठवड्याला दहा बिट, म्हणजे १,०२४ आठवडे, १९.६ वर्षे. ६ जानेवारी १९८० पासून मोजले की ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तो पुन्हा शून्यावर आला. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. सुधारणा न केलेला संगणक त्या दिवशी वीस वर्षे मागे जातो आणि हातातला ताजा साठा आपल्या तारखेचा नाही म्हणून नाकारतो.

सप्टेंबर २०२३ पासून तर नवेच प्रकरण उभे राहिले. इराकवरून जाणाऱ्या विमानांना जमिनीवरून कोणीतरी बनावट जीपीएस संदेश पाठवू लागले. युरोपातून दुबईकडे निघालेले एक एम्ब्राएर लेगसी जेट असे भरकटले की परवानगीशिवाय इराणच्या हद्दीत शिरण्याच्या बेतात आले. जॅमिंग झाले तर जीपीएस बंद पडते आणि ते कळते; येथे ते चालूच होते आणि आत्मविश्वासाने खोटी जागा सांगत होते. काही विमानांत जडत्वीय प्रणालीची साचलेली चूक जीपीएसने सतत पुसत राहण्याची सोय असते. त्यांत खोटी जागा जडत्वीय प्रणालीतही शिरली आणि जिच्यावर मागे फिरून विसंबायचे तीच बाटली.

जीपीएसने सांगितलेला वेग आणि जडत्वीय प्रणालीने काढलेला वेग जुळतात काय, जागा एका सेकंदात शंभर मैल उडी मारते काय, घड्याळ अचानक बदलते काय, हे तपासून जीपीएसला वेळीच बाजूला सारणाऱ्या आज्ञावली आता अशा विमानांच्या मालकांना हव्या आहेत. आणि जमिनीवरची ती जुनी केंद्रे, ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देणारी, ठिकठिकाणी राखून ठेवलेली आहेत. दोन केंद्रांवरून जागा काढण्याची जुनी रीत नव्या एफएमएसलाही यावी, असे सांगावे लागते आहे.